अपघातातल्या जखमींचे व्हिडिओ: कोर्टाच्या शूटिंगचा धंदा या बाजूनं वाढवावा का?

शटर_दारव्हा
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात माझा फोटो-व्हिडिओचा धंदा आहे. लग्नाचे सीझन असतातच, पण अलीकडे दुकानाला खरा आधार कोर्टकचेरीच्या कामांचा आहे. दिवाणी कोर्टानं नेमलेल्या कमिशनरसोबत वावरात जाऊन धुऱ्याचं, वहिवाटीच्या रस्त्याचं शूटिंग करतो. बँक घराचा ताबा घ्यायला आली की सामानाच्या यादीचं चित्रीकरण असतं. निवडणुकीत प्रचारसभांच्या खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या पथकासोबत कॅमेरा घेऊन फिरतो. या कामांची शिस्त अंगात मुरली आहे: कापाकापी नाही, वरून काही घालायचं नाही, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं.

आता यवतमाळच्या एका वकिलांनी विचारलं की मोटार अपघाताच्या दाव्यातल्या जखमी माणसांचे व्हिडिओ कराल का. माणूस सकाळी उठतो कसा, अंघोळीला जातो कसा, पूर्वीचं कोणतं काम आता होत नाही, एवढं दाखवायचं. आमच्याकडे यवतमाळ-आर्णी रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, अपघातांना तोटा नाही. शिवाय हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, हात गेलेले, कापसाच्या जिनिंगमध्ये बोटं गेलेली माणसं गावोगावी आहेत. गरज दिसते. पण ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारं न्यायाधिकरण, असा व्हिडिओ बघतं का? कागदपत्रं काय लागतात? पैसे कोणाकडून घ्यायचे? आणि मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न: ज्याचा पाय गेलाय त्याच्यासमोर कॅमेरा धरायचा, तर तो कसा धरायचा?

ॲड_वऱ्हाड
शटरभाऊ, मी जिल्हा कोर्टात अपघात दावेच चालवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की असा व्हिडिओ नेमकं काय सिद्ध करतो. जखम किती खोल, हाड कुठे मोडलं, हे सांगायला एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यानं केलेली जखमेची नोंद), डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि डॉक्टरांची साक्ष आहे. तिथे तुमच्या कॅमेऱ्याची गरज नाही. कॅमेरा लागतो तो पुढच्या प्रश्नाला. सुप्रीम कोर्टानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात (2011 च्या निकालसंग्रहात छापला आहे) स्पष्ट सांगितलं की अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाई बुडण्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टानंच उदाहरण दिलं: डावा हात कापावा लागला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी कदाचित जाणारही नाही. म्हणजे ट्रिब्युनलला तीन गोष्टी बघायच्या असतात: माणूस आधी काय करत होता, आता काय करू शकतो, आणि काय करू शकत नाही.

आकड्यांत सांगतो. 34 वर्षांचा मजूर, महिन्याची कमाई 12,000, म्हणजे वर्षाची 1,44,000. सरला वर्मा निकालाच्या (2009) तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा, 16. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचे 25 टक्के जसेच्या तसे उचलले तर कमाईचं नुकसान 5,76,000 होतं. त्याच्या कामाच्या हिशेबानं 60 टक्के धरलं तर 13,82,400. भविष्यातली वाढ मी यात धरलेली नाही. हा फरक ज्या पुराव्यावर ठरतो तो आपल्याकडे फार ढिसाळ असतो. वकील विचारतात, "आता काम होतं का?" साक्षीदार म्हणतो, "होत नाही." विमा कंपनीचे वकील म्हणतात, "हे खोटं आहे." झालं, संपली साक्ष.

कॅमेरा_पुसद
मी या लाईनीत बराच काळ आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. कल्पना चांगली, पण धंदा म्हणून उभा राहणार नाही. निम्मी प्रकरणं लोकअदालतीत तडजोडीनं मिटतात. तिथे कोण व्हिडिओ लावून बसणार? आणि पक्षकाराकडे स्टॅम्प-तिकिटाला पैसे नसतात, तो तुम्हाला काय देणार? वकील म्हणणार, निकाल लागल्यावर देतो. निकाल कधी लागतो ते सगळ्यांना माहीत आहे.

ॲड_वऱ्हाड
पुसदकर दादा, पैशाचा मुद्दा मान्य, त्यावर खाली येतो. लोकअदालतीबद्दल मात्र माझा अनुभव उलटा आहे. तडजोडीच्या टेबलावर विमा कंपनीच्या अधिकाऱ्याला वरिष्ठांकडून रक्कम वाढवून घ्यायची असेल, तर फाईलमध्ये दाखवण्यासारखं काही लागतं. आठ-दहा मिनिटांचा साधा व्हिडिओ तिथे वीस पानी शपथपत्रापेक्षा जास्त काम करतो. साक्षीपुराव्यापर्यंत न जाता प्रकरण मिटलं तर जखमी माणसाचाच फायदा.

वणीकर
मी वकील नाही, शूटिंगवाला नाही. माझा मोठा भाऊ मोटारसायकलवर होता, मागून ट्रक आला. मांडीचं हाड, गुडघा, दोन ऑपरेशनं. तो पहिलेपासून मानी माणूस. साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही चालू शकता का?" दादा म्हणला, "चालतो ना." कुबडी त्यानं बाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती. साहेबापुढे कुबडीवर जायची लाज वाटली त्याला. कागदावर चढलं, साक्षीदार चालू शकतो.

चालतो म्हणजे काय, ते आम्हाला माहीत. अंगणातून कोठ्यापर्यंत जातो, मंधात दोनदा थांबतो, ढोराला पाणी पाजायचं म्हटलं तर बादली पोराला द्यावी लागते. बंडीवर चढता येत नाही. डवरा धरता येत नाही. हे कोणी विचारलं नाही आणि तो सांगणारा माणूस नाही. शटरभाऊ, तुम्ही विचारता कॅमेरा कसा धरायचा. माझं म्हणणं एवढंच, जो माणूस तोंडानं दुखणं सांगत नाही त्याच्यासाठी तरी हे काम करा.

फिजिओ_ताई
वणीकर दादा, हे वाचून गलबलून आलं. माझ्याकडे येणाऱ्या पुरुष रुग्णांत हे रोज दिसतं. "बरं आहे ताई" म्हणतात आणि गुडघा नव्वद अंशांपर्यंतसुद्धा वाकत नसतो.

मी वर्धा जिल्ह्यात फिजिओथेरपी करते. शटर दादा, काय टिपायचं यावर माझ्याकडून थोडं.

शहरातला माणूस आणि खेड्यातला माणूस यांची इजा एकच असली तरी अडचण एक नसते. गुडघा पूर्ण वाकत नाही म्हटल्यावर शहरातला माणूस खुर्चीवर बसून नोकरी करतो, कमोड वापरतो, टेबलावर जेवतो. आपल्याकडे संडास उकिडवं बसायचा, जेवण जमिनीवर, भाजी निवडणं जमिनीवर, निंदण तर सगळं उकिडवं बसूनच. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर यातलं काहीच उमटत नाही. म्हणून घरातल्या जागा टिपा: उंबरठा, पायऱ्या, हापसा, न्हाणी, संडासाचं दार. माणूस तिथे कपड्यांसकट नुसता बसायचा प्रयत्न करतो, एवढं पुरे. अंघोळ, कपडे बदलणं यांचं चित्रीकरण करूच नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

दुसरं, कॅमेऱ्यासाठी कोणतीही हालचाल पुन्हा करायला लावू नका. "काका, परत एकदा उठा, फ्रेममध्ये आलं नाही" असं म्हटलं की दोन गोष्टी बिघडतात. त्यांना दुखतं, आणि दुसऱ्या वेळेची हालचाल खरी राहत नाही. एक तर जोर लावून चांगली करतात, नाहीतर कण्हून वाईट.

तिसरं, एकाच भेटीत उरकू नका. अपंगत्वाची तपासणी बहुतेक वेळा उपचार संपल्यावर होते. मधले महिने, जेव्हा बायको किंवा आई चोवीस तास पाठीशी असते, त्याची नोंद कुठेच राहत नाही. प्लास्टर असताना एकदा, प्लास्टर निघाल्यावर एकदा, नंतर काम सुरू करायच्या प्रयत्नाच्या वेळी एकदा, असं केलं तर चित्र खरं उतरेल.

ॲड_वऱ्हाड
ताईंच्या तिसऱ्या मुद्द्याला जोडून: सेवा करणाऱ्या माणसाचा वेळ हीसुद्धा नुकसानभरपाईची बाब आहे. काजल विरुद्ध जगदीशचंद (2020) या निकालात सुप्रीम कोर्टानं अपघातात जखमी झालेल्या मुलीच्या परिचारकांचा खर्चही गुणक लावून काढला. आपल्याकडे आई-बायकोची सेवा कोणी मोजतच नाही. व्हिडिओत ती दिसली पाहिजे.

मुदतीचंही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघाताच्या सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. त्यावरचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आहे, पण तुमच्या व्हिडिओसाठी दावा अडवून ठेवू नये. दावा आधी, व्हिडिओ नंतरही जोडता येतो.

दूरदेशी_अमरावतीकर
मी अमेरिकेत वकिलांना तांत्रिक मदत देणाऱ्या क्षेत्रात काम करतो. इथे कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेल्या जबान्यांचं चित्रीकरण हा अशा व्हिडिओग्राफरचा मुख्य धंदा, आणि जखमी माणसाच्या दिवसाचे व्हिडिओ हा त्याला जोडलेला भाग. ते ज्युरीसमोर दाखवतात. भारतात ज्युरी नाही, कायदा जाणणारा एकच माणूस समोर आहे, म्हणून इथल्यासारखे लांबलचक व्हिडिओ तिकडे चालणार नाहीत. एक मात्र दोन्हीकडे सारखं: मागे संगीत, भावुक निवेदन, संथ गती असं काही घातलं की समोरचे वकील लगेच हरकत घेतात. इथले चांगले लोक आवाजसुद्धा जसाच्या तसा ठेवतात.

आणि माणूस काय करू शकतो तेही दाखवा. विमा कंपन्या तपासनीस पाठवतात. तुमच्या व्हिडिओत अंथरुणाला खिळलेला माणूस त्यांच्या व्हिडिओत बाजारात दिसला, तर सगळा दावा संशयात जातो. बाजारात जातो तर बाजारातलंही शूटिंग करा: किती वेळा बसतो, पिशवी कोण धरतं.

शटर_दारव्हा
सगळ्यांचे मनापासून आभार. वणीकर दादा, तुमच्या भावाचं वाचून माझा निर्णय जवळजवळ झाला. आता व्हिडिओ फाईल पुराव्यात देताना लागणाऱ्या सर्टिफिकेटचं विचारतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब ची सवय होती, आता नवा कायदा आहे.

ॲड_वऱ्हाड
1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम, कलम 63. सर्टिफिकेटचे दोन भाग आहेत. भाग अ पक्षकारानं किंवा उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. दोन्हींत फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलवरून निघणारा ओळखीचा आकडा, फाईल जराही बदलली की तो बदलतो) लिहायची आणि ती कोणत्या पद्धतीनं काढली, एसएचए-256 की दुसरी, ते नमूद करायचं.

सर्टिफिकेट किती महत्त्वाचं, ते शेजारच्या मराठवाड्यातल्या जालन्याच्याच प्रकरणात ठरलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, निकाल जुलै 2020. वाद 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा, आणि पुरावा म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. कोर्टानं सांगितलं की नक्कल हजर करायची तर सर्टिफिकेट अनिवार्य. मूळ उपकरणच त्याच्या मालकानं साक्षीला येऊन हजर केलं तर गोष्ट वेगळी. हे जुन्या कायद्याखालचं आहे, पण त्यातून घ्यायचा धडा कायम आहे: मूळ कार्ड पुसू नका.

कॅमेरा_पुसद
इथे मी कामाचं सांगू शकतो. एका प्रकरणाला एक मेमरी कार्ड. शूटिंग झालं की कार्डाची लॉकची कळ लावायची, पाकिटात घालून सही-तारीख टाकून बंद. फीमध्येच कार्डाची किंमत धरा. कॉपी कार्डावरून थेट कॉम्प्युटरवर घ्या आणि हॅश त्याच दिवशी काढा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल म्हणून आज्ञा आधीच असते, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. व्हॉट्सॲपवर फाईल कोणालाही पाठवू नका. ते फाईल दाबून लहान करतं, हॅश बदलते, मग कोणती खरी यावर वाद.

बरेच कॅमेरे लांब शॉटच्या फाईली 4 जीबीला तोडतात. शॉट एक आणि फाईली तीन असं दिसलं की समोरचा वकील "मधलं कापलं" म्हणणार. तसं असेल तर सर्टिफिकेटमध्ये आधीच लिहा, प्रत्येक फाईलची हॅश वेगळी द्या.

जखमेचे फोटो घ्यायचे झाले तर आधी पूर्ण माणूस, मग तो अवयव, मग जवळून. जवळच्या फोटोत जखमेच्या शेजारी, त्याच पातळीत मोजपट्टी धरा आणि कॅमेरा अगदी समोर, तिरपा नको. व्हाईट बॅलन्स, म्हणजे रंग खरे दिसण्याची कॅमेऱ्याची सेटिंग, हातानं लावा. निळ्या ताडपत्रीखाली काढलेल्या फोटोत साधी त्वचासुद्धा काळीनिळी दिसते, तो खोटेपणा तुमच्या नावावर चढेल. मोबाईलचा ब्यूटी मोड तर आधी बंद. तो व्रण पुसून टाकतो.

फिजिओ_ताई
पुसदकर काका, आधी "धंदा उभा राहणार नाही" म्हणालात आणि आता सगळ्यांत उपयोगी माहिती तुम्हीच दिलीत. खूप आभार.

संमतीपत्राबद्दल. मराठीत असू द्या, साध्या भाषेत. वाचता येत नसेल तर घरच्यांसमोर वाचून दाखवा आणि तसं पत्रावर लिहा. मध्येच "बस, बंद करा" म्हणायचा हक्क त्या माणसाचा आहे, हे शूटिंगच्या आधी तोंडीही सांगा. बायकांचं शूटिंग असेल तर सोबत बाई हवीच. दवाखान्यात करायचं तर अधीक्षकांची परवानगी घ्या आणि शेजारच्या खाटेवरचा पेशंट फ्रेममध्ये येऊ देऊ नका. आणि कृपा करून दुकानाच्या जाहिरातीसाठी यातला एकही तुकडा रील म्हणून टाकू नका, चेहरा झाकूनसुद्धा नाही. गावात चालण्यावरून माणूस ओळखतात.

शटर_दारव्हा
रीलचं कबूल, शब्द देतो. आता पैशाचं सांगा. निकालातल्या रकमेवर टक्केवारी घेऊ का, असं एकानं सुचवलं होतं.

ॲड_वऱ्हाड
अजिबात नको. व्हिडिओ पुराव्यात आणायचा तर तुम्हाला साक्षीला यावं लागेल, उलटतपासणी होईल. पहिला प्रश्न: "दावा जिंकला तर तुम्हाला जास्त पैसे मिळतात, बरोबर?" हो म्हणालात की तुमच्या शब्दाला किंमत उरणार नाही. ठरलेली फी, पावती, आणि पावतीवर कामाचं वर्णन. साक्षीच्या तारखेचा येण्याजाण्याचा खर्च वेगळा, तोही आधीच लिहून ठेवा.

कोणाकडून काम घ्यायचं तेही सांगतो. मोटार अपघात झाले एक. कामावरच्या इजांचे दावे, आधी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 खाली, नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता 2020 खाली, हे दुसरं. जिनिंगमधली बोटं, हडंब्यातला हात. यंत्रावर चालणाऱ्या शेतीकामातला मजूरही या कायद्यात येतो, हे आपल्या लोकांना ठाऊकच नसतं. त्यात परिशिष्टातच टक्के ठरलेले आहेत: अंगठा गेला तर 30, एका हाताची चारही बोटं गेली तर 50. सरळ तुटलेल्या अवयवाला व्हिडिओची फारशी गरज नाही. परिशिष्टात न बसणाऱ्या इजेला, म्हणजे बोटं आहेत पण वळत नाहीत अशा वेळी, व्हिडिओचा उपयोग होतो.

आणि एका ठिकाणी काम घेऊच नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानात मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर 1 लाख मिळतात. तिथे कृषी कार्यालयाला कागद लागतात, व्हिडिओ नाही. कोणी कास्तकार "याचंही शूटिंग करून द्या" म्हणत आला तर त्याचे पैसे वाचवा, कागदांची यादी द्या आणि परत पाठवा.

वणीकर
हे शेवटचं लिहिलं ते लय चांगलं केलं वकीलसाहेब. अशा वेळी माणूस कोणी सांगेल तिथे पैसे देत सुटतो.

शटर_दारव्हा
पहिलं काम समोर आलं आहे, त्याबद्दल विचारतो. मजूर बाया घेऊन जाणारा ऑटो पलटला, त्यात एका ताईंच्या उजव्या हाताची हाडं चुरली. बोटं शाबूत, पण मूठ वळत नाही. त्या कापूस वेचणीला जायच्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. वकील म्हणतात, घरातलं स्वयंपाकपाण्याचं शूटिंग करा. मला वाटतं, वावरात नेऊन वेचणीच टिपावी. पण शेवटची वेचणी चालू आहे, महिन्याभरात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटतील.

फिजिओ_ताई
वावरातच करा, आणि लगेच करा. बोंडातून कापूस काढायला अंगठा आणि दोन बोटांची चिमूट लागते, तीच त्यांची गेलेली आहे. भाकरी त्या तळव्यानं थापतीलही, आणि बघणाऱ्याला वाटेल हात चालतो. वेचताना फसवाफसवी होऊच शकत नाही. मात्र आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि दुखायला लागलं की थांबा.

ॲड_वऱ्हाड
मीही वावराच्याच बाजूनं. शेजारी दुसऱ्या बाईला वेचायला उभं करू नका. तुलना म्हणून चांगली दिसते, पण ती किती चपळ, हिला कोणी सावकाश वेचायला सांगितलं का, असे फाटे फुटतील. त्यांची एकटीचीच वेचणी, एक तास, न थांबवता. सुरुवातीला वेचलेला कापूस ठेवायची रिकामी ओटी काट्यावर दाखवा, शेवटी भरलेली दाखवा. आधी किती किलो वेचायच्या ते मुकादमाच्या वहीत असेल, ती वही मी वेगळी साक्षीत आणीन.

कॅमेरा_पुसद
तासभराचा सलग शॉट आहे, कॅमेरा अर्ध्या तासाला थांबणारा असेल तर दोन लावा. पहिला बंद व्हायच्या आधी दुसरा सुरू असला पाहिजे, मधे खंड नको. काट्याचा आकडा स्पष्ट वाचता येईल इतका जवळून घ्या, तोही शॉट न तोडता.

शटर_दारव्हा
दोन्ही कॅमेरे नेतो, बायको सोबत येईल. डॉक्टरांना आज संध्याकाळी विचारतो. सकाळी दवानं कापूस ओला असतो, वजन जास्त भरतं आणि मग काट्यावरच वाद होईल. म्हणून ऊन चढून कापूस सुकल्यावर, अकराच्या पुढे सुरू करतो.